पोफळवाडीचा समुद्र आणि नलूताईची हाक

पोफळवाडी, तळमजला
(सध्या मुक्काम दुसरा मजला, कारण पुढे येईलच),
गिरगाव, मुंबई.
पितृपक्ष, मंगळवार.

तीर्थस्वरूप अप्पा यांस,

धाकट्या चुलतभावाचा, म्हणजे अच्युतचा, वाकून नमस्कार. (हे शब्दशः घ्यावं. गेल्या आठवड्यापासून कंबर सरळ होत नाही, त्यामुळे सध्या मी दूधवाल्यालाही वाकूनच नमस्कार करतो.) तुमची प्रकृती कशी आहे? दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला का? वहिनींच्या गुडघ्याला पुण्याची हवा मानवते का? हे सगळं फोनवरच विचारणार होतो, पण फोन सूनबाई उचलतात आणि तुम्ही नेमके पूजेत असता. सकाळी केला तरी पूजेत, दुपारी केला तरी पूजेत, परवा तिन्हीसांजेला केला तेव्हाही पूजेतच होतात. आपल्या घराण्यात इतका देवभोळा माणूस पूर्वी झाल्याचं ऐकिवात नाही. म्हणून शेवटी पत्र लिहायला बसलो. पत्र पूजा आटोपेपर्यंत थांबतं.

इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, आणि मी तसं लिहिलंही होतं. पण नलूताई शेजारी बसली आहे. तिने थोरल्या बहिणीच्या हक्काने त्या ओळीकडे असं पाहिलं की ती मला खोडावी लागली. (वर जो काळा डाग दिसतो, तो त्या क्षेमाचा.) तेव्हा खरं लिहितो. इकडे सर्व क्षेम नाही, आणि पुढे होईल असंही मला वाटत नाही.

तुम्ही कोथरूडला अकराव्या मजल्यावर राहता. तुमच्या घरी यायचं तर समुद्राला आधी घाट चढावा लागेल. आमच्याकडे त्याला फारसे कष्ट पडत नाहीत. लोकांची अशी समजूत असते की समुद्र आला तर तो चौपाटीवरून, रस्ता ओलांडून, छाती काढून येईल. तसा तो येत नाही. चौपाटीची वाळू दर पावसाळ्यात खरवडून नेतो हे खरं, आपण लहानपणी जिथे बसून भेळ खायचो तिथे आता उभं राहायलाही जागा नसते हेही खरं. पण घरात तो गटारातून येतो. मोठी भरती आणि पाऊस एकत्र आले की पावसाचं पाणी ज्या नळातून समुद्रात जायला हवं, त्याच नळातून समुद्र वाडीत येतो. आधी तो घरगल्लीत चढतो (दोन इमारतींमधली ती अंधारी फट. तुम्ही सिक्सर मारायचात आणि चेंडू आणायला मला तिच्यात पाठवायचात), आणि मग आमच्या मोरीतून थेट घरात. पूर्वी हे क्वचित व्हायचं. आता नलूताई कॅलेंडरवर सणांच्या आधी पौर्णिमा-अमावस्या बघते आणि त्या दिवशी गव्हाचा डबा कपाटावर ठेवते.

गेल्या चैत्रात एका संस्थेने आमची वाडी निवडली. कशासाठी, तर वाढत्या समुद्राला तोंड कसं द्यायचं याचा आराखडा रहिवाशांनी स्वतः करायचा म्हणून. संस्थेतर्फे क्षितिजा नावाची मुलगी आली. अत्यंत हुशार, सालस, आणि माणसांवर भलताच विश्वास ठेवणारी. (हा दोष शिक्षणामुळे येतो.) ती म्हणाली, "काका, आम्ही काही सांगणार नाही. तुमची वाडी, तुमचा आराखडा. तुम्ही बोला, आम्ही ऐकतो." अप्पा, गिरगावातल्या माणसाला कोणी असं म्हणू नये. पहिली सभा रात्रीच्या जेवणापर्यंत चालली आणि तीत फक्त समितीचं नाव ठरलं. अध्यक्ष मला केलं. एक तर मी तळमजल्यावरचा, आणि दुसरं म्हणजे मी त्या वेळी खाली लाडू आणायला गेलो होतो.

दुसऱ्या सभेत तिने वाडीचा मोठा नकाशा भिंतीवर लावला आणि ज्यांच्या घरात पाणी येतं त्यांनी तिथे लाल टिकली लावावी म्हणून सांगितलं. तळमजल्याच्या आम्ही आठ-दहा घरांनी टिकल्या लावल्या. तेवढ्यात कोणीतरी मागे कुजबुजलं की टिकलीवाल्यांना पुनर्विकासात जास्त चटईक्षेत्र मिळणार आहे. मग काय विचारता! पहिल्या मजल्याने लावल्या, दुसऱ्याने लावल्या. क्षितिजाच्या टिकल्या संपल्या तेव्हा बायकांनी घरातून कपाळाच्या टिकल्यांची पाकिटं आणली. सभा संपली तेव्हा गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीतही समुद्राचं पाणी शिरत असल्याचं नकाशावर दिसत होतं. पुढच्या सभेआधी नवी बातमी आली: टिकलीवाल्या खोल्यांचे भाव पडणार. सगळ्यांनी नखांनी टिकल्या खरवडल्या, आणि वाडी ठणठणीत कोरडी झाली. नलूताईची तेवढी टिकली राहिली. ती म्हणाली, "माझ्याकडे पाणी येतं, मी कशाला काढू?" क्षितिजाने त्या एका टिकलीकडे बराच वेळ पाहिलं. त्या मुलीचे मला तेव्हापासूनच वाईट दिवस दिसू लागले होते.

तरी तिने चिकाटीने आमच्याकडून तीन गोष्टी ठरवून घेतल्या. पहिली, गटाराच्या तोंडाशी झडप बसवायची, म्हणजे पाणी बाहेर जाईल पण उलटं आत येणार नाही. ही सर्वांना पसंत पडली. मग झडपेच्या उद्घाटनाला कोणाला बोलवायचं यावर दोन तट पडले, ते अजून पडलेलेच आहेत, आणि झडप अजून दुकानात आहे. दुसरी, तळमजल्यावरच्या म्हाताऱ्या माणसांसाठी वर एक कोरडी खोली ठेवायची. यावर प्रत्येकाने आपली खोली किती लहान आहे ते हात पसरून दाखवलं. दुसऱ्या मजल्यावरची एक खोली गेली कित्येक वर्षं कुलूपबंद आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं (कोणाची, ते तुम्हालाही ठाऊक आहे), आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी अध्यक्ष होतो. मी पुढचा विषय घेतला.

तिसरी गोष्ट म्हणजे हाक. हिला खर्च नव्हता, जागा लागत नव्हती आणि उद्घाटन करता येत नव्हतं, म्हणून ती एकमताने मंजूर झाली. पाणी आलं की तळमजल्यावरच्याने ठरलेली हाक द्यायची, आणि ती ऐकली की वरच्यांनी हातातलं टाकून खाली धावायचं. शब्दही ठरले: "पाणी आलं हो! वर कोणी आहे का?" हाक कोणी द्यायची हा प्रश्नच नव्हता. आपली नलूताई टेलिफोन खात्यातून निवृत्त झाली असली तरी खात्याच्या नाटकांत तिने तीस वर्षं गाजवली आहेत हे तुम्ही जाणताच. (तुमच्या लग्नात माइक बिघडला तेव्हा मंगलाष्टकं कोणी म्हटली होती?) रंगीत तालीम झाली. ताई दारात उभी राहिली, पदर खोचला, आणि तिने अशी हाक दिली की गच्चीवरची कबुतरं उडाली आणि तिन्ही मजले खरंच खाली धावत आले. प्रितीच्या गॅसवर दूध होतं ते उतू गेलं. (प्रिती म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची, बँकेत आहे ती.) क्षितिजाच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही वाटलं, जमलं. खरं सांगतो अप्पा, त्या दिवशी मला पहिल्यांदा आणि शेवटचं वाटलं, की आपण माणसं अगदीच टाकाऊ नाही.

त्या गर्दीत विक्रांत उभा होता. विक्रांत हा आमच्या गणेशोत्सव मंडळाचा कार्याध्यक्ष. दिवसा जाहिरातींचं काम करतो आणि उरलेलं वर्ष देखावा. त्याने ती हाक मोबाइलवर रेकॉर्ड केली होती. तो मला म्हणाला, "काका, काय व्हॉइस आहे यार ताईंचा! अंगावर काटा आला. थीम फायनल. बुडती वाडी. लाइट-साउंड, फुल हलता देखावा. लालबागवाले बघत राहतील." मी म्हटलं, अरे पण आराखडा? तो म्हणाला, "काका, टेन्शन नका घेऊ. हाच तर आराखडा. लोकांपर्यंत पोचला पाहिजे ना?" आणि जी समिती झडपेवर दोन महिने भांडत होती, ती दुसऱ्या दिवशी थर्माकोल कापायला बसली. तुम्ही बघायला हवं होतं. कोणी रात्र पाहिली नाही, कोणी मान-अपमान पाहिला नाही. आमची इमारत हुबेहूब केली होती, तुमच्या खोलीच्या कुलपासकट. मागे कापडावर रंगवलेला समुद्र, खाली मोटरवर हलणाऱ्या लाटा. तो समुद्र उभा करायला जागा हवी म्हणून तो आमच्या दारासमोरच ताणला. दहा दिवसांचा तर प्रश्न, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं, आणि मीही ते ताईला समजावलं. आम्ही दोघं कडेच्या फटीतून, खांदे आवळून जा-ये करत होतो. आणि दिवे मंदावले की लाउडस्पीकरवरून ताईचा आवाज यायचा: "पाणी आलं हो! वर कोणी आहे का?" लोक टाळ्या वाजवायचे. दिवसातून किती वेळा ते कोण मोजणार! पहिल्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या काही बायका सवयीने धावत खाली आल्या. दुसऱ्या दिवशी गॅलरीतून नुसत्या वाकल्या. चौथ्या दिवसापासून त्या आवाजावर कोणी पोळी उलटायचीही थांबत नव्हतं.

क्षितिजा एकदा येऊन गेली. ती विक्रांतला म्हणाली, "दुसरा कोणाचा तरी आवाज लावा ना. हा लोकांनी ओळखायचा आवाज आहे." विक्रांत म्हणाला, "मॅडम, ओळखतायत की. अख्खं गिरगाव ओळखतं आता." तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं मी तिला प्रसाद घ्यायला सांगितलं.

आता मूळ मुद्दा. विसर्जनाच्या आदल्या दिवशी स्पर्धेचे परीक्षक आले. ते दुपारी आले, कारण संध्याकाळी त्यांना लालबाग-परळ करायचं होतं. बाहेर सकाळपासून धो धो पाऊस, पौर्णिमा तोंडावर आणि भर दुपारची भरती. हे तिन्ही एकत्र आले की काय होतं याचा तक्ता क्षितिजाने मला दिला होता. तो मी जपून ठेवला आहे. परीक्षक खुर्च्यांवर बसले, मी अध्यक्ष म्हणून त्यांच्या शेजारी, खांद्यावर उपरणं. काळ्या पडद्यांमुळे मांडवात मिट्ट अंधार. देखावा सुरू झाला, लाटा हलल्या, हाक आली. थोड्या वेळाने माझ्या पायांना गार लागलं. खाली पाहतो तर घोट्यापर्यंत पाणी. परीक्षकांपैकी एक बाई हरखून म्हणाल्या, "अय्या, खरं पाणी सोडलंय!" लोकांनी टाळ्या वाजवल्या, मोबाइल वर गेले. थर्माकोलच्या होड्या जागच्या सुटून प्रेक्षकांत फिरू लागल्या. विक्रांतचा चेहरा मला दिसला. त्याने पाणी सोडलं नव्हतं हे त्यालाही कळलं होतं, पण परीक्षकांसमोर तो काही बोलला नाही.

हाक पुन्हा आली. पुन्हा आली. ताईने वाक्य बदललं नव्हतं, सभेत ठरले तेच शब्द, तोच सूर. ती शिस्तीची बाई आहे. मग आवाज म्हणाला, "अच्युत! अरे अच्युत, कुठे मेलास?" अप्पा, आता तुमच्यापासून काय लपवायचं. मला वाटलं, विक्रांतने रेकॉर्डिंगमध्ये माझं नाव घातलं. मला बरं वाटलं. मी परीक्षकांकडे वळून किंचित हसलो आणि मीसुद्धा टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात मेन स्विच उडाला. दिवे गेले, लाटा थांबल्या, लाउडस्पीकर मुका झाला. या अंधाराच्या इफेक्टला सर्वांत मोठ्या टाळ्या पडल्या. त्या ओसरल्यावरही ताईचा आवाज येत होता. विजेशिवाय. कापडाच्या मागून.

मी कसा गेलो ते मला नीट आठवत नाही. कडेच्या फटीत पाण्याने फळ्या अडकल्या होत्या, म्हणून मी तो रंगवलेला समुद्र टराटरा फाडला आणि आमच्या घरात उतरलो. (कंबरेचं जे झालं ते इथे झालं.) खोलीत गुडघ्याच्या वर पाणी, गटाराचं, काळं. पलंग तिरका झाला होता. ताई शिवणयंत्राच्या टेबलावर पाय वर घेऊन बसली होती, एका हातात गोळ्यांचा डबा आणि दुसऱ्या हाताने खिडकीचा गज धरलेला. मला पाहून ती रडली नाही, ओरडली नाही. तिने एवढंच विचारलं, "तूपण टाळ्या वाजवत होतास?" बँक बुडाली, बायको गेली, मुलगा परदेशी जाऊन परका झाला, पण इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. प्रिती आणि विक्रांत माझ्या मागोमाग आले होते. आम्ही तिघांनी तिला खुर्चीत बसवून वर नेली. विक्रांत सबंध जिना रडत होता, हे त्याच्याबद्दल सांगायलाच हवं.

देखाव्याला पहिलं बक्षीस मिळालं. शिवाय उत्कृष्ट ध्वनीसाठी वेगळी ढाल. परवा मंडळाची माणसं ताईला शाल आणि नारळ द्यायला आली. ती प्रितीच्या स्वयंपाकघरात, ओट्याखाली घातलेल्या गादीवर ताप घेऊन पडली होती, त्यामुळे सत्कारमूर्तीला वाकून नारळ द्यावा लागला. क्षितिजाही आली. ती ताईचे पाय चेपत बसली आणि जाताना मला म्हणाली, "काका, तिन्हीतली एकच गोष्ट झाली होती." झडप आणता येईल, एक ना एक दिवस उद्घाटकही मिळेल. पण अख्ख्या वाडीला त्या हाकेवर बसून राहायची सवय आम्ही दहा दिवसांत लावली, ती आता कशी काढायची? मला भीती वाटते अप्पा. समुद्राची वाटते त्याहून आमचीच जास्त वाटते.

असो. वहिनींना नमस्कार, सूनबाईंना आशीर्वाद, नातवंडांना पापे. पूजेतून सवड झाली की चार ओळी लिहाव्यात.

आपला आज्ञाधारक,
अच्युत

ता. क. : एक किरकोळ गोष्ट राहिली. तुमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीची किल्ली कुरिअरने पाठवता का? पुनर्विकासात तुमच्या हक्काला धक्का लागणार नाही, हवं तर स्टॅम्पपेपरवर लिहून देतो. प्रितीच्या घरी चार माणसं आहेत आणि तिच्या सासूबाई आता भांडी जरा जोरात ठेवू लागल्या आहेत. आम्हाला फक्त भरतीपुरती हवी. पुढची मोठी भरती सर्वपित्रीला आहे.

आणखी एक ता. क. : नलूताईने वरचं सगळं वाचलं. ती म्हणते, किल्लीसाठी एवढं लांबण लावायची गरज नव्हती, आणि अप्पाच्या खोलीत झुरळं असतील. पण येईन म्हणाली. विक्रांतने ते रेकॉर्डिंग माझ्यासमोर मोबाइलमधून पुसलं. आता उपयोग नाही, त्या दिवशीच्या खऱ्या हाकेचं कोणीतरी काढलेलं चित्रण सगळीकडे फिरतं आहे. लोकांच्या मते ते जास्त परिणामकारक आहे. तुमच्याकडेही आलं असेल. आलं असल्यास ते नाटक नव्हे.

शेवटचा ता. क. : पाकीट बंद करत होतो तेवढ्यात ताईने विचारलं, की किल्ली आली नाही आणि सर्वपित्रीला पाणी आलं, तर आता मी काय म्हणून ओरडू? जुने शब्द तर लोक ऐकत नाहीत. मी सकाळपासून विचार करतो आहे. मला सुचत नाही. तुम्हाला सुचलं, तर किल्लीबरोबर चिठ्ठीत लिहून पाठवा.